कॅमेऱ्याकडे पाठ

टीव्हीवाले भाताच्या आवणीचं शूटिंग करायला येणार असं पक्कं झाल्यावर मी सगळ्यात आधी गाडी कुठे वळवायची ते बघून आले. शिनोली सोडून भीमाशंकरच्या दिशेनं थोडं पुढे गेलं की एक कच्ची वाट फुटते. पावसाळ्यात त्या वाटेवर मोठी गाडी घातली की मागे फिरवायला जागा नसते. ते बघून झालं, मग कागद घेतला. जेवण कुणाकडे. माणसं किती, त्यांत शाकाहारी किती. त्यांच्यात बाई असेल तर तिला संडास कुणाच्या घरचा. पाऊस वाढला तर कॅमेरा कुठे ठेवायचा. मी महाळुंगे पडवळची सून. गेली बरीच वर्षं घोडेगावच्या पश्चिमेकडच्या वाड्यावस्त्यांमधल्या बचत गटांचं काम बघते. बैठका, बँक, तांदळाची पाकिटं, प्रदर्शनातले स्टॉल. यादी केली नाही तर यातलं एकही काम तडीला जात नाही.

बायकांनी अंगावर काय घालायचं हा मुद्दा यादीत नव्हता. असा काही मुद्दा असतो हेच आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात नव्हतं.

कार्यक्रम एका मराठी वाहिनीचा होता, शेतकरी बायकांवरचा खास भाग, रविवारी दुपारी लागणारा. दिग्दर्शक फोनवर म्हणाला होता, "ताई, पूर्ण स्त्रीशक्तीवर आहे. तुमच्या बायका, त्यांचे कष्ट, त्यांचा तांदूळ." मी त्यातला शेवटचा शब्द पकडला. आमच्या गटाचा इंद्रायणी पुण्यातल्या एक-दोन सोसायट्यांच्या पलीकडे जात नव्हता. टीव्हीवर नाव आलं असतं तर दिवाळीपर्यंतचा माल हातोहात गेला असता. मी हो म्हटलं आणि गटाला विचारलं. गटानंही हो म्हटलं.

इकडे आवणी, म्हणजे भाताची रोपं चिखलात लावायचं काम, सावडीनं होते. आज सगळ्याजणी तुझ्या खाचरात, उद्या सगळ्याजणी माझ्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही, फक्त पाळी चुकवायची नाही. शूटिंगच्या दिवशी पाळी होती गटातल्या सगळ्यात जुन्या बाईच्या खाचरांची. तिची सून तिला आत्या म्हणते, म्हणून सगळा गटच आत्या म्हणतो, मीही म्हणते. सून विशीतली. नवरा चाकणला कंपनीत, महिन्यातून एकदा-दोनदा घरी. अंगावर पिणारं बाळ. आत्याचं नि सुनेचं तसं बरं होतं, म्हणजे भांडण व्हायचं ते ज्याच्या त्याच्या वेळी व्हायचं आणि चूल पेटेपर्यंत संपायचं.

मी सकाळी पोचले आणि बांधावरच थबकले. सगळ्याजणी लग्नाला निघाल्यासारख्या. जरीच्या साड्या, केसांत गजरे, एकीच्या कानांत वेल. पायाखाली पोटरीभर चिखल.

"हे काय गं?" मी म्हटलं.

"आमी काय रोज टीव्हीवर येतो का ताई?" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "आत्यानं काल घरोघर सांगितलंय. फाटकं शर्ट घालून पावण्यांम्होरं यायचं न्हाई."

शर्टाचं सांगायला हवं. आमच्याकडे आवणीला बायका साडी गुडघ्यापर्यंत खोचतात आणि वरून नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवतात. भाताची पात हाताला कापत नाही, पाठीत गारठा भरत नाही. आणखी एक गोष्ट आहे, जी कुणी बोलून दाखवत नाही. दिवसभर पावसात वाकून काम करायचं म्हणजे ब्लाउज भिजून अंगाला चिकटतो. वरून शर्ट असला की रस्त्यानं कोण येतंय, कोण जातंय याचा विचार न करता वाकता येतं. आत्यानं पाहुण्यांचा मान ठेवायचा म्हणून नेमकं तेवढंच काढून ठेवायला सांगितलं होतं.

गाडी वेळेवर आली. दिग्दर्शक तिशीतला, बोलायला मऊ. उतरल्याबरोबर आत्याच्या पाया पडला. बरोबर कॅमेरामन आणि एक मदतनीस मुलगी, रेनकोटातली. दिग्दर्शकानं बायकांकडे बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"ताई, हे फारच लग्नासारखं दिसतंय हो. मला आपलं मातीतलं हवंय." त्यानं गाडीतून एक पिशवी काढली. आत नऊवारी साड्या होत्या, पातळ, चकचकीत, आणि त्यांच्यावरचे आखूड बाह्यांचे ब्लाउज.

"आगं बया, ही तर नाटकातली," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. "ही नेसून आवणी केली तर सांजपर्यंत साडी एकीकडं आन् आपुन एकीकडं."

दिग्दर्शकही हसला. मग म्हणाला, "सगळ्यांना नको. या वहिनींना द्या फक्त." त्यानं सुनेकडे बोट दाखवलं.

"मला नगं," ती म्हणाली.

"नेस की," आत्या म्हणाली. "पावणं एवढं लांबनं आल्यात."

मी तिच्याबरोबर गोठ्यात गेले. ब्लाउज तिला पुढून लागेना. पिना मारल्या. "ताई, हे बसत न्हाई अंगाला. बाळ पितंय माजं अजून, यात मी वाकू कशी?" ती म्हणाली. मी खुंटीवरचा तिच्या नवऱ्याचा शर्ट काढून दिला. तिनं तो वरून घातला, बटणं लावली आणि आम्ही बाहेर आलो.

"शर्ट नको हो वहिनी," दिग्दर्शक म्हणाला. "शर्टानं सगळं जातं."

"राहू द्या शर्ट," मी म्हटलं. "इथे घालतात."

"पाच मिनिटं ताई. पाच मिनिटं फक्त, मग घाला परत."

सून माझ्याकडे बघत होती. मी पुन्हा काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, "काढ गं. पाच मिनटानं अंग झिजतंय व्हय?"

तिनं काढला.

आवणी कशी करतात ते ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बायका एका ओळीत वाकतात, हातातल्या मुठीतली रोपं चिखलात रोवतात आणि एकेक पाऊल मागे सरकतात. पुढे गेलं तर लावलेलं तुडवलं जाईल. म्हणून आवणी मागे मागे येत करायची असते. आत्याच्या खाचरात नेहमी वरच्या, डोंगराकडच्या बांधापासून धरतात आणि मागे सरकत रस्त्याच्या बांधाला येऊन टेकतात, कारण रोपांच्या मुठी रस्त्याच्या बाजूला उतरवलेल्या असतात. कॅमेरा रस्त्याच्या बांधावर लावला होता. म्हणजे ओळीतली प्रत्येक बाई पाठमोरी, वाकलेली, साडी खोचलेली, आणि घटकेघटकेला कॅमेऱ्याच्या जवळ येत चाललेली.

पावसाची भुरभुर होती. मदतनीस मुलगी कॅमेऱ्यावर छत्री धरून उभी होती. ती खाचराकडे बघत नव्हती, दुसरीकडेच बघत होती. ते मला खटकलं म्हणून मी कॅमेरामनच्या मागे जाऊन उभी राहिले.

त्याच्या त्या छोट्या पडद्यावर भिजलेली पाठ होती. मग कंबर. मग चिखलानं भरलेल्या पोटऱ्या, वर सरकत जाणाऱ्या. मग त्यानं कॅमेरा उचलला, बांधाच्या कडेनं पुढे गेला आणि वाकलेल्या सुनेला समोरून, खालून घेतलं. तोंड कुठेच नव्हतं. तोंडाच्या जागी गळ्याशी चित्र कापलेलं होतं.

आमच्या घरात टीव्ही आला तेव्हा मी नवी सून होते. साबणाची जाहिरात लागली की सासरे खोकायचे आणि सासूबाई मला पाणी आणायला पाठवायच्या. पुरुषांच्या बनियनच्या जाहिरातीत बाई कशाला येते, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. पण पाणी आणायला आत जायची ती मीच. पडद्यावरच्या बाईचा ओशाळेपणा घरातल्या बाईनं घ्यायचा, अशी ती पद्धत होती. तीच पद्धत मी आमच्या गटांच्या फोटोंत बघते. फोटो काढायचा म्हटलं की बायका आधी बॅनर मागतात. बॅनर छातीसमोर धरला की मग मान वर करून बघतात. माझ्या मोबाइलमध्ये असे शेकड्यांनी फोटो आहेत. बॅनरच्या वर डोकी, खाली पाय. ते बघून मला कधी हसू आलं नाही. मला त्या फोटोंचा अर्थ ठाऊक आहे.

आणि आता इथे डोकी कापून मधलंच घेत होते.

उघडं असं काही नव्हतं, हे मी मान्य करते. रस्त्यानं जाणारा माणूसही एवढंच बघतो. पण जाणारा निघून जातो. त्याला आमच्या बायका तोंडावर चार शब्द सुनावूही शकतात, आणि सुनावतात.

तेवढ्यात सून कंबर सरळ करायला उभी राहिली. समोर कॅमेरा बघून तिनं खाली बघितलं आणि तिचे चिखलाचे हात छातीवर गेले. पान्हा फुटला होता. पातळ ब्लाउजवर दोन ओले डाग, पावसाच्या ओलीपेक्षा वेगळे, कुणालाही कळतील असे. ती खाचरातून बाहेर आली, शर्ट उचलून ओल्या अंगावर घातला आणि माझ्याकडे आली.

त्याच वेळी माझ्या हातातल्या डब्यात मोबाइल वाजला. सगळ्यांचे मोबाइल मी एका प्लास्टिकच्या डब्यात घालून छत्रीखाली धरले होते. तिच्या नवऱ्याचा फोन होता. तिचे हात भरलेले, म्हणून मी स्पीकर लावून तिच्यापुढे धरला.

"झालं का शूटिंग?"

"चाललंय."

"रविवारी फस्ट शिफ्टय माजी. कॅन्टीनच्या टीव्हीवर लावायला सांगितलंय. सुपरवायझर म्हनला, आमीबी बघतो तुझी मिसेस. तू दिसशील ना नीट?"

तिनं कॅमेऱ्याकडे बघितलं.

"आगं?"

"दिसंन," ती म्हणाली. "ठेवते आता, काम हाय."

फोन बंद झाला. "ताई, ते पुसायला सांगा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. ते कॅन्टीनात गेलं तर मी त्यांच्याम्होरं कशी उभी ऱ्हाऊ? आन् ते तरी तितं कसं उभं ऱ्हातील?"

मी दिग्दर्शकाला बाजूला घेतलं. त्याला खरोखरच कळेना. "ताई, अहो किती सुंदर आलंय ते. बाई, माती, पाऊस. ती आई आहे हे न सांगता दिसतंय. यापेक्षा मोठी स्त्रीशक्ती काय असते?"

"तिला नको आहे."

"शूटिंगला तर हो म्हणाल्या होत्या ना सगळ्याजणी."

"आवणीच्या शूटिंगला म्हणाल्या होत्या."

"हे आवणीतच आलंय ताई. आणि काय ठेवायचं, काय काढायचं ते एडिटिंगला ठरतं. माझ्या एकट्याच्या हातात नसतं."

आमचा आवाज चढला असावा. कारण खाचरातली ओळ थांबली आणि एकेक करून सगळ्या बांधावर आल्या. "दाखवा की काय घेतलंय ते," आत्या म्हणाली. कॅमेरामननं दिग्दर्शकाकडे बघितलं आणि मग दाखवलं. बायका एकमेकींच्या खांद्यावरून वाकल्या.

"ही बघ तुजी पोटरी. गोठ्याच्या मेढीसारखी."

"तुजी काय वं, म्हशीची म्हनून खपंल!"

"आन् ही कोन? तोंडच न्हाई हिला."

"ही मी. पदरावरनं वळखलं. तोंड कुटं ठिवलं वं भाऊ माजं? घरी न्यायचं व्हतं."

हसणं चालू असतानाच ते पुढचं आलं. सून, समोरून, खालून. हसणं थांबलं. त्या मोठ्या बायका होत्या, प्रत्येकीनं पोरं पाजलेली. काय दिसतंय ते त्यांना सांगावं लागलं नाही. आत्यानं पदराच्या शेवानं डोळ्यांवरचं पाणी पुसलं. ते पावसाचं होतं की काय ते मी सांगू शकत नाही. मग ती म्हणाली, "पावणं, येवढं काढून टाका."

"आजी, हवं तर ब्लर करू आपण."

"म्हंजी?"

"तेवढी जागा पुसट करतात. काही दिसत नाही."

"म्हंजी लोकास्नी कळंल, हितं बघन्याजोगं कायतरी हाय म्हनून."

दिग्दर्शक हसायला गेला आणि थांबला. सून इतका वेळ मागे उभी होती. ती पुढे झाली. "आत्या, दूध बाळाचं हाय," ती म्हणाली. "त्याचं टीव्हीत काय काम?"

आत्यानं खाचराकडे बघितलं. मीही बघितलं, आणि मनात हिशेब केला, कारण मला सवय आहे. खाचर निम्मं लावून झालेलं. त्याला लागूनचं, रस्त्याकडेचंच खालचं खाचर सकाळीच टिलरनं चिखलून ठेवलेलं. ते त्याच दिवशी लावलं नाही तर चिखल बसतो आणि रोप आत जात नाही. रोपं पहाटे उपटलेली, मुठी बांधलेल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी दुसरीच्या खाचरात. सावडीतली पाळी गेली की शेवटच्या बाईनंतर परत लागते. तोवर ती रोपं पिवळी पडून गेली असती.

"वर या गं सगळ्या," आत्या म्हणाली.

"आन् आवणी?"

"ऱ्हाऊ द्या."

ती रागावली नाही. आवाजही चढवला नाही. दिग्दर्शकाला म्हणाली, "चला, जेवून घ्या. पावण्यांला उपाशी धाडायची आमची चाल न्हाई."

पडवीत पानं मांडली. नाचणीची भाकरी, वाटाण्याचा रस्सा, भात. शाकाहारी लोकांची सोय माझ्या यादीप्रमाणे वेगळी केलेली होती. बायका समोर ओट्यावर बसल्या, ओल्या अंगानं, पाय चिखलाचे तसेच. कुणी बोलेना. एरवी या बायकांना जेवताना गप्प बसवावं लागतं. सून आत बाळाला घेऊन बसली होती. बाहेर आभाळ भरत चाललं होतं. दिग्दर्शक दर घासाला आभाळाकडे आणि मग मनगटाकडे बघत होता. त्याला पूर्ण खाचराची आवणी हवी होती आणि त्याच्याकडे तेवढाच दिवस होता. आत्याला खाचर लावून हवं होतं आणि तिच्याकडेही तेवढाच दिवस होता. आत्या त्याला आग्रह करकरून भात वाढत होती.

"आजी, नुकसान तुमचंच आहे ना पण," तो शेवटी म्हणाला. "तुमचंच शेत आहे."

"माजंच हाय. दुसरीचं असतं तर म्या कशी थांबवनार?"

ओट्यावरची एकजण हळूच म्हणाली, "आत्या, रोपं वाळत्याल." तिच्याकडे न बघता आत्या म्हणाली, "वाळू दे."

त्या क्षणी मी मध्ये पडायचं की नाही, हे मला ठरवता येईना. तांदूळ विकायचा म्हणून मी हे लोक आणले होते, आणि आता पुढच्या वर्षी आत्याकडे विकायलाच काय, खायलाही तांदूळ कमी पडेल अशी वेळ आली होती. आमच्या गटात आजवर असलं काही घडलं की मीच तडजोड काढते. "थोडं तुम्ही मागे या, थोडं आम्ही" हे माझं नेहमीचं वाक्य. ते तोंडाशी आलं होतं. पण यात "थोडं" म्हणजे काय? एक डाग ठेवा, एक काढा? मी ते वाक्य गिळलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

कॅमेरामन जेवून उठला, हात धुतले, गाडीतून कॅमेरा आणला आणि दिग्दर्शकाला म्हणाला, "कुठलं कुठलं काढू?" दिग्दर्शकानं पुन्हा एकदा आभाळाकडे बघितलं. मग म्हणाला, "वहिनींचे सगळे."

सुनेला बाहेर बोलावलं. ती बाळाला कडेवर घेऊनच आली. कॅमेरामननं तिच्यासमोर एकेक तुकडा दाखवला आणि पुसला. ती प्रत्येक वेळी मान हलवत होती. मी तिच्या मागे उभी राहून बघत होते. सगळं झालं. दिग्दर्शक म्हणाला, "ठीक आहे आता?"

तेव्हा ती मदतनीस मुलगी, जी सकाळपासून कुणाशी एक शब्द बोलली नव्हती, हातातली ताटली खाली न ठेवताच म्हणाली, "सर, दुसऱ्या कार्डवर पण असेल ना?"

कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात, एकावरचं दुसऱ्यावर आपोआप उतरतं, हे आम्हाला कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. दिग्दर्शकानं मुलीकडे जे बघितलं त्यावरून तिची पुढची नोकरी धोक्यात आहे हे मला दिसलं. तिलाही दिसलं. तिनं ताटलीतला भात कालवायला सुरुवात केली.

कॅमेरामननं दुसरं कार्ड लावलं. पुन्हा एकेक तुकडा. पुन्हा सुनेची मान.

"चला गं," आत्या उठली. "शर्ट घाला पयलं. ज्यांनी आनलं न्हाईत त्यांनी घरनं घिऊन या. न्हाईतर आमच्या ह्यांचं हायती दोन." साड्यांवर, जरीवर, गजऱ्यांखाली शर्ट चढले. रेघांचे, चौकड्यांचे, एकावर कंपनीचं नाव छापलेलं. वरचं अर्धं खाचर तसंच ठेवून त्या आधी खालच्या खाचरात उतरल्या आणि आत्यानं ओळ रस्त्याच्या बांधापासून धरली. म्हणजे उलटी. आता बायका मागे सरकत होत्या त्या कॅमेऱ्यापासून लांब, डोंगराकडे. तोंडं कॅमेऱ्याकडे, आणि मधे लावलेली रोपं वाढत चाललेली. त्यावर पाय ठेवायची सोय नाही. रोपांच्या मुठी मात्र आता दर खेपेला बांधावरून वळसा घालून वर न्याव्या लागत होत्या. ते काम मी केलं. माझी कंबर त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती.

"घ्या भाऊ आता," एकीनं लांबून हाळी दिली. "म्होरनं घ्या. तोंड धुतलंय."

दिग्दर्शकानं घेतलं. काळोख पडायच्या आत दोन्ही खाचरं लागली. वरच्याचा शेवटचा कोपरा पावसाच्या मोठ्या सरीत झाला, तोवर गाडी गेली होती.

रविवारी आम्ही आत्याच्या घरी जमलो. मी बाहेरून शांत होते. कार्डं दोनच असतात कशावरून, हा विचार माझ्या डोक्यातून गेला नव्हता. सुनेच्याही गेला नसावा, कारण ती बाळाला मांडीवर घेऊन टीव्हीच्या अगदी पुढे बसली होती आणि रिमोट तिनं स्वतःकडे ठेवला होता. तिकडे चाकणच्या कॅन्टीनमध्येही त्याच वेळी टीव्ही लागला होता.

कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीलाच संगीत, ढग, डोंगर आणि मग एक भिजलेली पाठ. वाकलेली. पातळ नऊवारी, आखूड बाह्या, गळ्याशी कापलेलं चित्र. खाली अक्षरं आली, स्त्रीशक्ती विशेष. सुनेचा रिमोटचा हात वर गेला आणि तसाच राहिला.

"तू न्हाईस," आत्या म्हणाली. "थांब. तू न्हाईस ती."

नव्हतीच. कंबर वेगळी, हातातल्या बांगड्या वेगळ्या, खाचरामागे ताडाची झाडं. आमच्याकडे ताड नाहीत. पुढे आमचा भाग आला. आम्ही होतो. शर्ट घातलेल्या, लांब, हिरव्या ओळींच्या पलीकडे, दात काढून हसणाऱ्या. आत्या दोन वाक्यं बोलली. तांदळाचं नाव बरोबर आलं. सुनेचा चेहरा चांगला स्पष्ट दिसला आणि लगेच तिचा मोबाइल वाजला. "दिसलीस! आगं, माजा चौकड्याचा शर्ट! सगळी हसाय लागली हितं. सुपरवायझर म्हनला, शर्ट तुजा आन् काम तिचं!" तो इतका मोठ्यानं हसत होता की बाळ दचकलं. तीही हसली. खोलीतल्या सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

फोन ठेवल्यावर सुनेनं विचारलं, "ताई, पयली बाई कोन व्हती?"

कुणालाच माहीत नव्हतं. "आसंल कुठल्यातरी गावची," एक म्हणाली.

मी दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला फोन केला. आधी आभार मानले, ऑर्डरी येताहेत म्हणून सांगितलं, मदतनीस मुलगी कशी आहे विचारलं. ती आता त्याच्याकडे नव्हती. मग त्या पहिल्या बाईचं विचारलं. "ती होय," तो म्हणाला. "सुरुवातीला तसलं काहीतरी लागतंच ताई, आणि तुमचं तर आम्ही पुसलं. तो विकत मिळतो तसला शॉट आहे. कुठला ते मलाही माहीत नाही. कोकणातला असेल, ओडिशातला असेल."

पुढच्या बैठकीला मी सुनेला तेच सांगितलं. ती तांदळाच्या पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. हातातली चिठ्ठी तिनं नीट दाबून बसवली.

"म्हंजी तिला कुनी इचारलंच नसंल," ती म्हणाली. "आन् तिला म्हाईतबी नसंल, ती कुटं कुटं दिसती ते."

"नसेल," मी म्हटलं.

तिनं पुढचं पाकीट ओढलं. मग म्हणाली, "तिचं कोन पुसनार वं ताई?" मी पुढची चिठ्ठी सोलून तिच्या हातात दिली.